चाळिशीपूर्वीचे लक्ष्मणराव

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची गोष्ट बहुतेक वेळा १० मार्च १९१० पासून सांगितली जाते. कुंडल रोड स्टेशनालगतचा ओसाड माळ, माणसाच्या उंचीचा निवडुंग, जागोजाग साप, आणि त्यातून उभी राहिलेली किर्लोस्करवाडी. शाळेच्या पुस्तकांत, भाषणांत, सत्कारसमारंभांत हेच चित्र येतं. चित्र खरं आहे, त्यात अतिशयोक्तीही फारशी नाही. पण त्या दिवशी लक्ष्मणराव चाळीस वर्षांचे होते हे कुणी सांगत नाही. पदरात बायकामुलं होती, थोरल्या भावाचं बिऱ्हाड बरोबर होतं, पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं विश्वासाने मागोमाग आली होती. सांगण्यासारखी मालमत्ता म्हणजे बेळगावातून उचलून आणलेली यंत्रं. त्या काळी चाळिशी हे काही उमेदीचं वय मानत नसत. या वयात घरातली माणसं नातवंडांच्या गोष्टी करू लागत. तेव्हा हा गृहस्थ एवढा गोतावळा घेऊन माळावर का उतरला, आणि एवढी माणसं त्याच्या मागे का गेली, याचं उत्तर माळावर सापडत नाही. ते त्याआधीच्या वीस-बावीस वर्षांत, बेळगावच्या दुकानात शोधावं लागतं.

म्हणून या चरित्राच्या वाचकाला माझं सांगणं आहे की बेळगावची प्रकरणं सावकाश वाचा. कारखान्याचा व्याप, यंत्रांची यादी, पुढच्या पिढ्यांनी वाढवलेला पसारा हे सगळं भराभर वाचलं तरी चालेल, ती माहिती इतरत्रही मिळते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावात दुकान मांडून बसलेल्या एका संसारी, कष्टाळू माणसाचे दिवस कसे जात असतील हे मात्र सहसा कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. कानडी मुलखातलं मराठी घर. याच गुर्लहोसुरात बलवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे मराठी संगीत नाटकाचे अण्णासाहेब, १८४३ साली जन्मले होते. एका आडगावाने महाराष्ट्राला रंगभूमीही दिली आणि नांगरही दिला, याचं मला फार अप्रूप वाटतं. वडील काशिनाथपंत वेदान्ताच्या अभ्यासात रमणारे. धाकट्या मुलाचं लक्ष पुस्तकांत नव्हतं. त्याला चित्रं काढायची असत, नाहीतर एखादं यंत्र उघडून आत काय आहे ते पाहायचं असे. अशा मुलाचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक मध्यमवर्गीय घरात कधी ना कधी पडतो. या घरात त्याचं उत्तर थोरला भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी दिलं. त्यांनी पाठबळ दिलं आणि १८८५ साली लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तिथे कळलं की त्याला काही रंगांतला भेद ओळखता येत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे कळणं म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकतो. पण डोळ्यांनी रंग नाकारले तरी रेषा नाकारली नव्हती. मुलगा रंगकाम सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळला आणि त्यात इतका तयार झाला की व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागला. ही संस्था तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. लक्ष्मणरावांच्या पुढच्या आयुष्यात चित्रकार पुनःपुन्हा येतात. पुतण्या शंकरराव चित्रकलेचा विद्यार्थी होता. अडचणीच्या काळात हात देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः उत्तम चित्रकार होते. लक्ष्मणरावांनी पुढे यंत्रं पाहिली ती कागदावरच्या रेषांतून, आणि आपल्या कारागिरांनाही तशीच पाहायला शिकवली.

आता दुकानाकडे येऊ. किर्लोस्कर ब्रदर्सचा आरंभ १८८८ चा मानतात, आणि तो सायकलींपासून झाला. मुंबईत शिक्षकाची नोकरी करणारा धाकटा भाऊ तिकडे सायकली विकत घेणार आणि बेळगावला पाठवणार. इथे थोरला भाऊ त्या विकणार. बेळगाव लष्करी छावणीचं गाव, त्यामुळे साहेब मंडळी आणि सायकल परवडणारे काही शौकीन तिथे होते. पण सायकलीची किंमत सातशे रुपयांपासून हजारापर्यंत, आणि चालवायला शिकवायचे वेगळे पंधरा रुपये. त्या काळचे सातशे रुपये! साध्या कारकुनाला आयुष्यात एकरकमी पाहायला मिळणार नाहीत एवढे. तेव्हा या धंद्यात गिऱ्हाईक मोजकंच, आणि एकदा सायकल घेतली की ते वर्षानुवर्षं पुन्हा सायकल घ्यायला येणार नाही. दुकान चालायचं असेल तर दुरुस्ती करता आली पाहिजे, सुटा भाग तिथल्या तिथे घडवता आला पाहिजे, आणि विकलेल्या वस्तूची जबाबदारी विक्रीनंतरही घेतली पाहिजे. ही शिकवण कुठल्या संस्थेने दिली नाही. ती दुकानाने दिली. दुकान जिथे होतं तो बेळगावातला रस्ता आज किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जातो.

मुंबईची नोकरी लक्ष्मणरावांनी सोडली ती मनाला लागलेल्या एका गोष्टीमुळे. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला ती जागा देण्यात आली. सरकारमान्य संस्थेतली कायमची नोकरी, तीही मुंबईत, सोडून मुलखात परतणं नातेवाइकांना वेडेपणाच वाटला असणार. परतायचं कुठे, तर भावाच्या सायकलच्या दुकानात. लोक हा प्रसंग स्वाभिमानाचा म्हणून सांगतात आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्यांना परतायला जागा होती. रामूअण्णांनी इतकी वर्षं दुकान धरून ठेवलं नसतं तर स्वाभिमान गिळून नोकरीच करत राहावी लागली असती. महाराष्ट्रातल्या कितीतरी धडपड्या माणसांच्या मागे असा एक न बोलणारा थोरला भाऊ, नाहीतर वहिनी, नाहीतर आई उभी असते. पाटीवर 'ब्रदर्स' असं लिहिलेलं असतं, पण श्रेय देताना लोकांना एकच नाव आठवतं.

बेळगावात परतल्यावर लक्ष्मणरावांच्या लक्षात आलं की सायकल घेणारे गावात मूठभर, पण भोवतालच्या सगळ्या मुलखाचा गाडा शेतीवर चालतो. तेव्हा विकायचं ते शेतकऱ्याला. पहिली वस्तू निघाली ती कडबा तोडायचं यंत्र. आपल्याकडे ज्वारीचा कडबा अख्खा जनावरांपुढे टाकायची रीत. गुरं पानं आणि वरचा कोवळा भाग खातात, बुडखा तसाच तुडवला जातो. कडब्याचे बारीक तुकडे केले तर बुडख्यासकट सगळा पोटात जातो. दुष्काळाची टांगती तलवार असलेल्या मुलखात तेवढ्याने एखादी बैलजोडी पावसाळ्यापर्यंत जगते. ज्याने दावणीपाशी उभं राहून पाहिलं आहे त्यालाच असलं यंत्र सुचू शकतं.

मग आला लोखंडी नांगर. साल १९०३. हे प्रकरण सगळ्यात सावकाश वाचावं असं मला वाटतं, कारण आपण ते नेहमी चुकीच्या बाजूने सांगतो. शेतकरी म्हणत होते, लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल, पीक येणार नाही. या वाक्यावर सभेत हशा पिकतो. पुढे नांगर खपू लागला, म्हणजे अडाणी लोकांना शहाणपण आलं, असा सूर निघतो. पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहा.

लाकडी नांगर गावच्या सुताराने केलेला असे. मोडला तर तोच दुरुस्त करून देई. फाळ बोथट झाला तर लोहार शेवटून देई. या दोघांना रोख पैसा द्यावा लागत नसे, खळ्यावर बलुतं दिलं की वर्षाचा हिशेब मिटला. लोखंडी नांगराला मात्र आधी रोख पैसा मोजायचा. त्याचा फाळ ओतीव लोखंडाचा, म्हणजे गावच्या भट्टीत तापवून ठोकता येणार नाही, ठोकला तर तुटेल. आणि तो नेमका वाफशाच्या आठवड्यात दगडाला अडखळून तुटला तर? तो मिळणार बेळगावात. बैलगाडीने जाऊन येईपर्यंत पेरणी हातची जाणार. विषाची गोष्ट बोलायला सोपी होती, खरी भीती ही होती. मुलंबाळं असलेला माणूस अशी जोखीम सहजासहजी घेत नाही, आणि घेऊही नये.

नांगराचा गुण मात्र वादातीत होता. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण उलटवत नाही. काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजला की चार-चार, सहा-सहा जोड्या जुंपाव्या लागत आणि तरी मुळ्या जमिनीतच राहत. लोखंडी नांगराचं वाकडं पातं मातीचं ढेकूळ उचलून पालथं घालतं. मुळ्या वर येतात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात भाजून मरतात. हे समजावून सांगून पटणारं नव्हतं, रानात करून दाखवावं लागणार होतं. लक्ष्मणरावांचं वेगळेपण यात आहे की त्यांनी शेतकऱ्याच्या नकाराला अडाणीपणा म्हटलं नाही. तो नकार त्यांनी तक्रारीसारखा ऐकून घेतला. विलायती नांगराचा नमुना समोर होता, पण त्याची नुसती नक्कल करून भागणार नव्हतं. फाळ अधिक चिवट व्हायला हवा होता, सुटे भाग हाताशी मिळायला हवे होते. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात. ही दोन वर्षं चरित्रात एका ओळीत संपतात. घरात ती एकेक महिन्याने गेली असतील. माल तयार, लोखंडाचे पैसे अडकलेले, मजुरांचा पगार दर आठवड्याला द्यायचाच, आणि गिऱ्हाईक दारावरून वळून जातंय. ज्यांनी स्वतः दुकान चालवलं आहे त्यांना ही दोन वर्षं कशी गेली असतील हे सांगायला नको.

याच १९०३ साली, २८ मे रोजी, सोलापूरला लक्ष्मणराव आणि राधाबाईंना मुलगा झाला. तो शंतनू. पुढे शंतनुरावांनी उद्योग कुठल्या कुठे नेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र ती तारीख वाचताना राधाबाई आठवतात. नांगर खपत नाही, घरात तान्हं मूल, आणि दुकानातल्या माणसांचं येणंजाणं, जेवणंखाणं घरातच. त्या काळच्या एकत्र कुटुंबात कामावरचा पोरगा हाही जेवायला घरचाच असे. या स्वयंपाकघराचा खर्च कुठल्याच खातेवहीत धंद्याच्या नावे पडलेला नसतो. लहान गावातला धंदा वाईट दिवसांत तगतो तो बऱ्याचदा याच न लिहिलेल्या खर्चावर. आपल्या उद्योगाच्या इतिहासात बायकांची ही बाजू अजून कुणी नीट मांडलेली नाही, आणि आता सांगणारीही कुणी उरली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नांगर खपू लागला, जरा बरे दिवस दिसू लागले, तोच बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. वस्ती वाढवायची होती आणि कारखान्याची जागा त्यात येत होती. वर्षानुवर्षं एका ठिकाणी बसलेल्या धंद्याला उठवणं म्हणजे फक्त यंत्रं हलवणं नसतं. उधारी पसरलेली असते, लोखंडवाला आणि कोळसेवाला ओळखीचे असतात, शेतकऱ्याला पत्ता पाठ झालेला असतो. मोठ्या भांडवलवाल्याला हे सगळं दुसरीकडे पुन्हा विकत घेता येतं. लक्ष्मणरावांकडे भांडवल नव्हतं.

इथे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी गोष्टीत येतात. ते १९०९ साली गादीवर आले होते. सूर्यनमस्कारांचा आग्रह धरणारा, स्वतः चित्रं काढणारा हा संस्थानिक लक्ष्मणरावांना ओळखत होता, त्यांच्या हाताचं काम त्याने पाहिलं होतं. त्याने आपल्या संस्थानातल्या कुंडल गावच्या हद्दीत रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. जमीन पडीक होती, पाण्याची टंचाई होती, पण लोहमार्ग लागून होता. जड माल बनवणाऱ्याला त्या जमिनीचं खरं मोल रुळांमुळे होतं, आणि ते लक्ष्मणरावांनी बरोबर ओळखलं.

किर्लोस्करवाडीची पुढची हकिकत प्रसिद्ध आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. लक्ष्मणरावांनी विलायतेतल्या लिव्हर आणि कॅडबरी यांच्या कामगारवसाहतींविषयी मासिकांतून वाचलं होतं, आणि कारखान्याभोवती राहण्याजोगं गाव असावं हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. ते गाव वसवायचं काम रामूअण्णांनी घेतलं. घरं, रस्ते, झाडं, स्वच्छता सगळं त्यांच्याकडे. हिशेबाला मंगेशराव रेगे, यंत्रांपाशी शंभुराव जांभेकर, नवनव्या कल्पनांना अनंतराव फळणीकर, कारभाराला आणि अडल्यानडल्याला के. के. कुलकर्णी. यांतल्या फारच थोड्यांच्या गाठीला शाळा-कॉलेजातलं मोठं शिक्षण होतं. रात्रीच्या राखणीला जे नेमले ते एके काळी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले होते, आणि त्यांनी राखण चोख केली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम होता. तो १९१० च्या सुमारास, खेड्याच्या शेजारी राहून पाळणं सोपं नव्हतं हे लक्षात ठेवलं पाहिजे. बेळगावच्या दुकानात माणूस पारखायची जी सवय लागली होती तीच इथे कामी आली. कागद काय म्हणतो यापेक्षा हात काय करतो ते पाहायचं.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली, पण लोखंड आणि दगडी कोळसा दोन्ही दुर्मिळ झाले. तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी चालवून पाहिली. १९२० मध्ये खासगी धंद्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतण्या शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. नांगराची माहिती देणारं छोटं पत्रक म्हणून सुरू झालेलं ते मासिक पुढे महाराष्ट्रातल्या विचारी घरांत जाऊ लागलं, आणि त्याला 'स्त्री' आणि 'मनोहर' ही भावंडं मिळाली. खेड्यातल्या कारखान्यातून निघणाऱ्या मासिकांनी शहरातल्या वाचकांना विचार करायला लावावं, ही गोष्ट मला नांगराइतकीच मोठी वाटते.

घरात आणि वाडीत लक्ष्मणरावांना 'पपा' म्हणत. मुलाला त्यांनी १९२२ साली अमेरिकेत एम. आय. टी.ला पाठवलं. १९२६ मध्ये तो इंजिनिअर होऊन परतला आणि वाडीतच रुजू झाला. त्याच सुमारास पंपांचं काम सुरू झालं. स्वतः पदवी नसलेल्या, हाताने शिकलेल्या बापाने पदवी घेऊन आलेल्या मुलाला आपल्या कारखान्यात वाव देणं हे दिसतं तितकं सोपं नसतं. आपल्याकडे कितीतरी चांगले धंदे याच उंबरठ्यावर मोडले आहेत. बाप गल्ला सोडत नाही, मुलगा कंटाळून पुण्या-मुंबईत नोकरी धरतो, आणि दोघांचंही बरोबर असतं. लक्ष्मणरावांनी गल्ला सोडला. शंतनुरावांचं 'कॅक्टस अँड रोझेस' हे आत्मकथन ज्यांनी वाचलं असेल त्यांना त्या घरातली ये-जा आणि मतभेद कळतील, इथे त्याची पुनरुक्ती करत नाही.

एक प्रकरण वाचताना हात थरथरेल. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि कारखान्यांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीही जाळण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ज्या माळावर चाळिसाव्या वर्षी उतरले होते तिथे उभ्या केलेल्या कामाची राख झालेली त्यांनी पाहिली. कारखाना पुन्हा चालू झाला, आणि तो तिथल्या कामगारांच्या हातांनीच चालू झाला. या प्रसंगाला कुठल्याही बाजूची फोडणी न देता तो जसा घडला तसा सांगायला हवा, कारण त्यात जळणारेही आपले होते आणि जाळणारेही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्याविषयी लिहून ठेवायला पुतण्या होता, मुलगा होता, घरचं मासिक होतं. म्हणून त्यांच्या बेळगावच्या दिवसांतला सायकल शिकवण्याचा दरसुद्धा आपल्याला आज ठाऊक आहे. त्यांच्याच पिढीत सांगली, कराड, निपाणी, बार्शी, चिपळूण इथे दुकानं आणि छोटे कारखाने थाटणारी इतर माणसं होती. कुणी तेलघाणा काढला, कुणी छापखाना, कुणी कौलांची भट्टी. त्यांचेही नांगर आधी दोन वर्षं खपले नसतील, त्यांच्याही भावांनी दुकानं धरून ठेवली असतील. त्यांच्या रोजमेळाच्या लाल कापडी वह्या माळ्यावर पडून आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतल्या काही रद्दीवाल्याकडे जातात. हे चरित्र वाचून कुणी आपल्या घरची एक वही तरी खाली उतरवली, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून त्यातली नावं विचारून घेतली, कोण उधारी बुडवून गेलं आणि कोणी दुष्काळात पैसे मागितले नाहीत ते लिहून काढलं, तर ही प्रस्तावना लिहिल्याचं मला समाधान वाटेल. वह्या मोडीत असतील तर मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. त्यांना गाठायला उशीर करू नका.